कपाशीचे वर्ष आणि मंगळवारचा हप्ता

आमच्या बचत गटाच्या कर्ज खतावणीत 'कर्जाचे कारण' असा एक रकाना आहे. बियाणे, खत, शेळी, दवाखाना, मुलांची फी, लग्न अशी कारणे त्यात येतात, आणि ज्या बाईला कारण सांगायचे नसते तिच्यापुढे मी 'घरखर्च' असे लिहून पान उलटते. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत, हा शब्द त्या रकान्यात अकरा वेळा आला. रकमा लहान होत्या, कुठे दीड हजार तर कुठे दोन हजार, आणि त्या साऱ्या तिघीजणींनीच आलटून पालटून घेतल्या होत्या. हिशेब लिहिणाऱ्याच्या नजरेला असे काही पडले की त्याचा छडा लागेपर्यंत चैन पडत नाही. छडा लागायला वेळही लागला नाही. आमची बैठक सोमवारी संध्याकाळी असे आणि मंगळवारी सकाळी, बाया शेतात निघायच्या आधी, एका कर्ज कंपनीचा तरुण मुलगा मोटारसायकलवरून गल्लीत येऊन वसुलीला बसत असे. गटातून घेतलेला पैसा एका रात्रीपुरता त्या घरांत मुक्कामाला होता.

आमचे गाव जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या बाजूला आहे. २००६ मध्ये माझ्या सासूबाई आणि गल्लीतल्या आणखी अकराजणी यांनी महिन्याला ५० रुपये टाकून गट सुरू केला, म्हणजे महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,२०० रुपये. मी २००९ मध्ये सून म्हणून या घरात आले, अमळनेरला बी. कॉम. झालेली होते, आणि पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. तेव्हापासून इतिवृत्त, सदस्यांची पासबुके आणि कर्ज खतावणी मीच लिहिते. त्या लिखाणातून जे समजत गेले तेवढेच येथे मांडणार आहे, आणि ते मुख्यतः तारखांविषयी आहे. शेतीसाठी घेतलेले कर्ज महाग आहे की स्वस्त हे व्याजाच्या दरावरून ठरते असे मलाही पूर्वी वाटत असे, पण कोरडवाहू कपाशीच्या घरात ते बहुधा हप्ता कोणत्या महिन्यात मागितला जातो यावरून ठरते.

कपाशीच्या घराचे वर्ष आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून धरावे. त्या सणाला सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे) जुने साल फिटते आणि नवे ठरते, म्हणजे पहिला मोठा खर्च पेरणीच्याही आधी उभा राहतो. विहिरीवाले मे अखेरीस लागवड करतात, कोरडवाहूवाले मृगाच्या पावसाची वाट पाहतात. बियाण्याचा खर्च लोक समजतात तेवढा मोठा नसतो. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाचा सरकारी कमाल दर ९०१ रुपये होता आणि एकराला साधारण दोन पाकिटे लागतात. शिवाय बियाणे, खत आणि फवारणीची औषधे कृषी केंद्रावर उधारीने मिळतात, मग दुकानदार त्याबदल्यात दर थोडा चढवो किंवा खताच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारो. उधारीने जे मिळत नाही ती असते मजुरी. जुलै आणि ऑगस्टमध्ये निंदणी दोन-तीन वेळा करावी लागते, आणि निंदायला आलेल्या बायांना बाजाराच्या दिवशी रोख पैसे हातात द्यावे लागतात, कारण त्यांचीही चूल त्याच बाजारावर पेटते. नेमक्या याच दिवसांत शाळेच्या वह्या घ्यायच्या असतात, पावसाळी तापाचा दवाखाना असतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट (आमच्या खानदेशातला देवीचा सण) असतात आणि महिनाअखेरीस पोळा येतो. दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी होते, आणि तीसुद्धा किलोमागे मजुरी मोजूनच. घरात पैसा दिसू लागतो तो दिवाळीनंतर, आणि कापूस भावासाठी थांबवला तर संक्रांतीनंतर. शेजारच्या आजी हे एका वाक्यात सांगत: "कापूस घरमा शे, पैसा बजारमा शे."

आता या वर्षावर आठवड्याचा हप्ता ठेवून पाहावा. १ जूनला ३०,००० रुपये, ५२ आठवड्यांसाठी, घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून) वार्षिक २४ टक्क्यांनी घेतले असे धरले तर आठवड्याचा हप्ता सुमारे ६५० रुपये येतो. एकूण व्याज चार हजारांच्या आतच राहते आणि कागदावर ते कोणालाही फारसे टोचत नाही. पण जून ते ऑक्टोबरचा मध्य या काळात वीसएक मंगळवार येतात. वीस हप्ते म्हणजे १३,००० रुपये. कपाशीचे पहिले बोंड फुटून त्याचा पैसा होण्याआधी घेतलेल्या रकमेतले चाळीस टक्क्यांहून अधिक पैसे परत गेलेले असतात. हे १३,००० कोठून येतात? काही मजुरीतून येतात, काही त्याच ३०,००० मधून बाजूला काढून ठेवलेले असतात, आणि उरलेले दुसऱ्या कर्जातून येतात. ते दुसरे कर्ज म्हणजे माझ्या खतावणीतला 'घरखर्च' होता. कर्ज घेतले होते शेतीसाठी, पण त्यातला मोठा वाटा स्वतःचेच हप्ते फेडण्यात खर्च होत होता आणि निंदणी करायची राहूनच जात होती.

ज्यांना दर सांगताना 'महिन्याला एक टक्का, म्हणजे वर्षाला फक्त बारा' असे सांगितले जाते त्यांच्यासाठी जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवते. मूळ रकमेवर सरसकट बारा टक्के लावून बारा मासिक हप्ते पाडले, तर तो दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने २१ टक्क्यांच्या वर जातो, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवरच धरलेले असते. 'सरळ की घटत्या शिलकीवर?' हा एकच प्रश्न विचारायची सवय मी आमच्या बायांना लावली आहे.

आठवड्याच्या हप्त्याची कल्पना मुळात वाईट नाही, ती फक्त दुसऱ्या प्रकारच्या घरासाठी जन्माला आली. बांगलादेशात चितगावजवळच्या जोबरा गावात १९७६ मध्ये मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले तेव्हा त्यांच्यासमोर बांबूची मोडे (बसायची स्टुले) विणणाऱ्या बाया होत्या, ज्या रोज वस्तू करत आणि रोज विकत. अशा घरात रोज थोडा पैसा येतो आणि तो हप्त्याने बाजूला काढला नाही तर खर्चून जातो. तेथे हप्ता ही शिस्त असते. आमच्या गटातही जिच्याकडे दोन म्हशी आहेत, जी उन्हाळ्यात बिबड्या आणि उडदाचे पापड करून विकते, किंवा जी वांगी आणि मेथी घेऊन बाजारात बसते, तिला आठवड्याचा हप्ता जड जात नाही. अडचण कपाशीवालीची आहे, आणि आमच्या भागात कपाशीवाल्याच जास्त आहेत.

बचत गट आणि कंपनीचा 'ग्रुप' यांत गावातही गल्लत होते, कारण दोन्हीकडे बायाच असतात आणि दोन्हीकडे एकमेकींची हमी असते. कंपनीच्या संयुक्त दायित्व गटात चार ते दहाजणी एकत्र येतात त्या कर्ज घेण्यासाठी. पैसा बाहेरचा, वेळापत्रक बाहेरचे, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. बचत गटात दहा ते वीसजणी आधी स्वतःची बचत साठवतात, त्या साठ्यातून एकमेकींना कर्ज देतात आणि मग त्या व्यवहाराच्या वह्या दाखवून बँकेकडे जातात. नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये देशभरातल्या ५०० गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला तो याच पायावर. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे आणि २०११ मध्ये ग्रामीण जीवनोन्नतीचे 'उमेद' अभियान आले. आमचा गट उमेदमध्ये आल्यावर महिन्याची बैठक आठवड्याची झाली, बचत आठवड्याला २५ रुपये झाली आणि गटाला १५,००० रुपये फिरता निधी मिळाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. आमच्या गटाचा व्याजदर शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला २४ टक्केच आहे. कंपनीचा दरही त्याच आसपास होता. मग गट स्वस्त कसा, असा प्रश्न गावातल्या एका जिभाऊंनी (वडीलधाऱ्या गृहस्थांनी) ग्रामसभेत मला विचारला होता आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते. उत्तर माझ्या सासूबाईंनी घरी आल्यावर दिले: "व्याज जाई तरी आपलीच पेटीमा जाई." बारा बाया जे व्याज भरतात ते बाराजणींच्याच निधीत जमा होते, वर्षअखेरीस त्याचा हिस्सा प्रत्येकीच्या नावावर लिहिला जातो, आणि पुढच्या जूनमध्ये तोच पैसा पुन्हा कर्ज म्हणून फिरतो. मात्र हे पूर्ण उत्तर नव्हते. उरलेले उत्तर मला त्याच वर्षी माझ्या एका चुकीतून मिळाले.

२०१७ हे गुलाबी बोंडअळीचे वर्ष. वरून हिरवेगार, बोंडांनी लगडलेले शेत आणि बोंड फोडून पाहिले की आत अळी व काळवंडलेला कवडी कापूस. दुसऱ्या वेचणीनंतर अनेकांनी उभ्या कपाशीत नांगर किंवा जनावरे घातली. नोव्हेंबरच्या एका बैठकीत आमच्या एका सदस्येने १२,००० रुपयांच्या परतफेडीसाठी तीन महिन्यांची मुदत मागितली. मी वही उघडली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे, ही पंचसूत्री आम्हाला पाठ होती, गटाचे मूल्यांकन जवळ आले होते आणि त्यावर बँकेचे पुढचे कर्ज अवलंबून होते. मी म्हटले, "मावशी, एकीला मुदत दिली तर सगळ्याच मागतील." कोणी काही बोलले नाही. पंधरा दिवसांनी मावशींनी पूर्ण रक्कम आणून दिली. दोन गाभण शेळ्या त्यांनी बाजारात मिळेल त्या भावाने विकल्या होत्या, हे मला महिनाभराने दुसऱ्याच बाईकडून समजले. त्या वर्षी आमच्या गटाची परतफेड शंभर टक्के होती आणि मूल्यांकन करायला आलेल्या साहेबांनी माझ्या वह्यांचे कौतुक केले.

मंगळवारी येणारा मुलगा आणि सोमवारी बसणारी मी यांत त्या बाईच्या दृष्टीने काय फरक उरला होता, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. त्या मुलाला बिचाऱ्याला तरी मुदत देण्याचा अधिकार नव्हता. तो वसुली पूर्ण झाल्याशिवाय उठत नसे, कारण त्याच्या वरचा साहेब त्याला उठू देत नसे. आम्हाला अधिकार होता. कोणाच्या शेतात अळी किती, कोणाचा कापूस अजून झाडावर आहे, कोणाच्या घरी दवाखाना चालू आहे हे बाराजणींना पाठ होते, आणि ही माहिती हीच गटाची खरी पुंजी असते. जी गोष्ट कोणत्याही बँकेला विकत मिळत नाही ती आमच्याकडे फुकट होती आणि मी ती नियमाच्या नावाखाली बाजूला ठेवली.

२०१८ च्या आखाजीनंतरच्या बैठकीत आम्ही ठराव केला: शेतीसाठी दिलेल्या कर्जावर व्याज दर महिन्याला घ्यायचे, मुद्दल मात्र दिवाळीनंतर, कापूस विकेल तसे, जास्तीत जास्त जानेवारीअखेर. १०,००० रुपयांवर महिन्याला २०० रुपये. तेवढे मजुरीतून निघतात. दूध, पापड, भाजी यांसाठीचे कर्ज पूर्वीसारखेच हप्त्याने. पीक बुडाले तर सगळ्यांनी शेत पाहून मुदत वाढवायची आणि ती वाढवल्याची नोंद इतिवृत्तात कारणासह करायची, म्हणजे थकबाकी आणि ठरवून दिलेली मुदत यांत गोंधळ होत नाही. ही शेवटची अट मी घातली. हिशेबनिसाची खोड जात नाही.

ठराव सोपा होता, निभावणे अवघड गेले, कारण त्यातून एक नवीच अडचण उघडी पडली. सगळ्यांना पैसा लागतो तो जूनमध्ये आणि सगळ्यांकडे पैसा येतो तो जानेवारीत. पूर्वी हप्ते वर्षभर थोडे थोडे येत असल्यामुळे पेटीत नेहमी काहीतरी असे. आता फेब्रुवारीत पेटी भरून वाहू लागली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोरडी पडू लागली. त्या जूनमध्ये मागणी १,८०,००० रुपयांची होती आणि शिल्लक त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. शिवाय बोंडअळी येते तेव्हा ती एका शेतात येत नाही. आजारपणात एकीला अकराजणी सांभाळू शकतात. दुष्काळात किंवा अळीत बाराजणी एकदमच खाली येतात, आणि तेव्हा एकमेकींची हमी म्हणजे रिकाम्या खिशाने रिकाम्या खिशाला दिलेली हमी ठरते. जे लोक गटाला सर्व प्रश्नांचे उत्तर समजतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. म्हणून गटाला बाहेरचे पाणी लागतेच, आणि ते बँकेकडून, गटाच्या वेळापत्रकानुसार मिळावे लागते.

बँकेकडे जाताना आम्ही ठरावीक हप्त्याचे मुदत कर्ज न मागता कॅश क्रेडिट मागितले, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत जूनमध्ये उचलायचे, जानेवारीत भरायचे, आणि जेवढे दिवस जेवढी रक्कम वापरली तेवढेच व्याज. गटांसाठी ही सोय असते, पण शाखेतल्या साहेबांना मासिक हप्ता अधिक सोयीचा वाटतो आणि मागितल्याशिवाय ती मिळत नाही. आम्हाला तीन हेलपाटे घालावे लागले. आता गटांच्या ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के दर लागतो आणि १० लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. बाहेरून सात टक्क्यांनी आणलेले पैसे आम्ही आत बारा टक्क्यांनी देतो आणि मधला फरक निधीत टाकतो.

कोणी म्हणेल की शेतकऱ्याला सोसायटीचे पीककर्ज असताना हा एवढा खटाटोप कशासाठी. प्रश्न बरोबर आहे. विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेवर फेडले तर राज्यात शून्य टक्क्याने पडते, त्याहून स्वस्त काहीच नाही. मात्र ते सात-बाऱ्यावर मिळते, आणि सात-बाऱ्यावर बाईचे नाव किती घरांत असते? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करा असे सांगितले त्याला आता तीन दशके उलटून गेली. आमच्या बाराजणींत चौघींची नावे उताऱ्यावर आहेत, त्यांतल्या दोघी विधवा आहेत, आणि आणखी एकीची वारस नोंद अजून व्हायची आहे, म्हणजे ती जमीन कसते पण कागदोपत्री ती शेतकरीच नाही. २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही कर्जमाफ्या तिच्या बांधावरून निघून गेल्या, कारण माफ करायला तिच्या नावावर कर्जच नव्हते. शिवाय सोसायटीचीही एक तारीख असते, ती ३१ मार्च. भाव नाही म्हणून कापूस घरात आणि मार्चअखेर समोर, अशा वर्षी गावात 'नवं-जुनं' चालते: सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे आणायचे, सोसायटीचे खाते निल (शून्य) करायचे, नवे कर्ज उचलायचे आणि सावकाराचे फेडायचे. शून्य टक्क्याच्या कर्जाला हे पंधरा दिवसांचे व्याज कोणत्याच अहवालात जोडले जात नाही.

भिलाटीतल्या, म्हणजे गावाच्या भिल्ल वस्तीतल्या गटाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. आमच्या नंतर दोन वर्षांनी त्यांचाही गट झाला आणि तो दोनदा मोडला. त्या घरांतले बरेचजण दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेली उचल फेडून आखाजीच्या सुमारास परततात, आणि त्या सहा महिन्यांत बैठकही नाही आणि बचतही नाही. 'नियमित बैठक' या पहिल्याच सूत्रावर त्यांचा गट नापास होतो. खरे पाहता उचल हे साऱ्या कर्जांत जड कर्ज आहे, कारण ते पैशांनी फेडता येत नाही, अंगमेहनतीनेच फेडावे लागते, आणि ज्यांना गटाची गरज सगळ्यांत जास्त आहे त्यांनाच गटाचे वेळापत्रक बाहेर ठेवते. मे ते सप्टेंबर बैठका आणि उरलेले महिने सुट्टी, असा गट मूल्यांकनाच्या तक्त्यात का बसू नये, हे मी दोन वेळा विचारले आहे. दोन्ही वेळा मला तक्ता दाखवण्यात आला.

एकत्र विक्रीचा आमचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. खेडा खरेदीला येणारा व्यापारी दारात मोजून रोख देतो ही त्याची सोय, आणि काटा त्याचा असतो हा त्याचा दोष. २०२१-२२ च्या हंगामात आम्ही सातजणींचा कापूस एका गाडीत भरून थेट जिनिंगवर (सरकी काढण्याच्या कारखान्यावर) नेला. वजनातला आणि भावातला फरक गाडीभाडे वजा जाता प्रत्येकीला जाणवण्याइतका पडला, आणि त्याच वर्षी क्विंटलचा भाव दहा हजारांच्या वर गेल्याने सगळ्यांचे अंदाज आभाळाला भिडले. पुढच्या वर्षी आम्ही एकत्रच थांबलो. दहा हजार आल्याशिवाय विकायचे नाही, असा ठराव नव्हता, पण बोलणे तसेच होते. भाव आठ हजारांवर आला, मग त्याच्याही खाली घसरला. घराघरांत छतापर्यंत कापूस, त्यात झोपणाऱ्या पोरांच्या अंगाला खाज, आणि गटाचे मुद्दल जानेवारीऐवजी मे महिन्यात आले. एकट्या माणसाने चुकीचा अंदाज केला तर त्याला कोणीतरी टोकतो. सगळ्यांनी मिळून केला की तो शहाणपणा वाटतो. तेव्हापासून निम्मा कापूस डिसेंबरपर्यंत विकून मुद्दल भरायचे आणि उरलेल्यावर ज्याने त्याने आपापला जुगार खेळावा, असे ठरले आहे.

कंपन्यांच्या बाबतीत आता नियम बरेच बदलले आहेत, आणि ते बायांना माहीत असावेत म्हणून येथे नोंदवते. रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज ते सूक्ष्म कर्ज. कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. व्याजाची कमाल मर्यादा मात्र याच निर्देशांनी काढून टाकली. निम्म्या उत्पन्नाचा नियम चांगला आहे, पण तो मासिक उत्पन्नाची भाषा बोलतो. वर्षाला १,२०,००० मिळवणाऱ्या कपाशीच्या घराचे मासिक उत्पन्न कागदावर १०,००० होते आणि त्यावर ५,००० पर्यंत हप्ता बसतो. ऑगस्टमध्ये त्या घरात मजुरीखेरीज एक रुपयाही येत नाही हे भागाकारात दिसत नाही. याच निर्देशांत आणखी एक कलम आहे, की कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्यांचा कालावधी ठरवण्याचे धोरण प्रत्येक संस्थेने करावे. आमच्या तालुक्यात ते कोणी मागितल्याचे मी ऐकलेले नाही, म्हणून गेल्या वर्षी ग्रामसंघाच्या (गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या) बैठकीत मी ते मराठीत लिहून वाचून दाखवले.

मावशींना आम्ही २०१९ मध्ये शेळ्यांसाठी कर्ज दिले, दोन शेळ्यांचे. पशुसखी (जनावरांची देखभाल शिकलेली बाई) आता पावसाळ्याआधी येऊन आंत्रविषाराची लस टोचून जाते, त्यामुळे मरतूक कमी झाली आहे. कपाशीच्या घरात शेळी हीच खरी जूनमधली ठेव असते, एक बोकड विकला की दोन निंदण्या निघतात, आणि ज्यांच्या दारात शेळ्या आहेत त्या जूनच्या यादीत कमी रक्कम मागतात. मावशींच्या दारात या वर्षी सात आहेत. त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात; त्या दोन शेळ्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही.

या सोमवारी यादी करायची आहे. विहिरीवाल्या चौघींनी लागवड उरकली, त्यांना पैसे दिले गेले आहेत. कोरडवाहूवाल्या आठजणींपैकी कोणाला पहिल्या पावसानंतर लगेच लागतील आणि कोण निंदणीपर्यंत थांबू शकते, हे एकेकीला विचारून क्रम लावायचा, म्हणजे कॅश क्रेडिटमधून गरजेपेक्षा आठ दिवस आधी रक्कम उचलली जात नाही. पेटीत ६४,००० आहेत. काल रात्री पारोळ्याच्या बाजूला वीज चमकत होती, आणि मावशींनी सकाळीच दारातून सांगून ठेवले की माझे नाव खाली लिही, पहिले नाव त्या वारस नोंदवालीचे टाक.